सहाशे अकरापैकी एक

"उंबरकरबाई, आकडा फुगवू नका, पण एकही सोडू नका," संचालक डॉ. चांदूरकर म्हणाले. "अनुदान ठरवणारी समिती गुरुवारी येतेय. बुधवारी दुपारपर्यंत तक्ता माझ्या टेबलावर हवा."

"पंचवीस वर्षांचे सगळे पेपर, सर?"

"सगळे. किती पेपर, कुठे छापले, प्रत्येकाला किती सायटेशन. आणि या समितीने यंदा नवीन खूळ काढलंय. आपलाच माणूस आपल्याच पेपरचा उल्लेख करत असेल, तर तो वजा करायचा. त्यामुळे नुसती यादी उतरवून भागणार नाही. एकेक उघडून बघावं लागेल."

"एकेक?"

"गहुकर मॅडमच्या पेपरचे तरी बघा. बाकीच्यांचे आहेतच कुठे इतके."

ही मार्च २००९ ची गोष्ट. मी तेव्हा आमच्या जनुकशास्त्र संशोधन केंद्रात ग्रंथपाल होते, कंत्राटावर. दरवर्षी केंद्राच्या अहवालासाठी पेपर आणि सायटेशन मोजून द्यायचं काम माझ्याकडे असे. जगात कुणीही आपल्या लेखनात आमच्या पेपरचा हवाला दिला, की आमच्या खात्यावर एक सायटेशन पडायचं. संगणक ते आपोआप दाखवायचा. मी आकडा उतरवायची, बेरीज तपासायची आणि अहवाल पाठवून द्यायची.

पंचवीस वर्षांत केंद्राने चारशे पेपर छापले होते. त्यांतला एकच पेपर जगाला माहीत होता. डॉ. विमल गहुकर यांनी १९९६ साली लिहिलेला. आमच्या जिल्ह्यातल्या पाच गावांत एक आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. बाळ चांगलं जन्मतं, सहा महिन्यांनी मान धरेनासं होतं, हातपाय सैल पडतात. चार-पाच वर्षांपलीकडे असं मूल सहसा जगत नाही. आईबाप दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असला तरच मूल असं निपजतं. हा दोष कुठल्या जनुकात आहे आणि त्या जनुकात नेमका कुठे आहे, ते गहुकर मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं. त्यावरून एक स्वस्त चाचणी निघाली. लग्नाआधी मुलामुलीचं रक्त तपासायचं. दोघांत दोष सापडला, तर तसं सांगायचं. दर मंगळवारी आमच्या केंद्रासमोरच्या झाडाखाली अशी जोडपी येऊन बसत.

त्या पेपरला सहाशे अकरा सायटेशन होती. केंद्राच्या एकूण आकड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

सोमवारी सकाळी मी उघडून बघायला सुरुवात केली. पहिले दोनशे भराभर गेले. बहुतेकांत एकच वाक्य असायचं, अमुक जनुकाचा या आजाराशी संबंध आहे, गहुकर वगैरे, १९९६. मग एका ठिकाणी मला थांबावं लागलं. त्या लेखकाने लिहिलं होतं, जनुक तेच आहे, पण गहुकर यांनी सांगितलेल्या जागी आम्हाला दोष मिळाला नाही. पुढे आणखी एकाने तेच म्हटलं होतं. मग आणखी एकाने. सोमवार संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत अशा चौदा पेपरांची नावं झाली. ते निरनिराळ्या देशांतले होते, निरनिराळ्या सालांतले. एकमेकांशी त्यांचा संबंध दिसत नव्हता.

मंगळवारी दुपारी पंधरावा सापडला. तो मी तीनदा वाचला. मी त्याची प्रत काढली, फाईलमध्ये ठेवली आणि फाईल घेऊन मॅडमच्या प्रयोगशाळेत गेले.

मॅडम एकट्याच होत्या. अठ्ठावन्न-एकोणसाठचं वय, मे महिन्यात निवृत्त होणार. त्यांनीच मला सहा वर्षांपूर्वी इथे लावून दिलं होतं. माझे यजमान गेल्यावर मी कामासाठी वणवण करत होते तेव्हा. इतक्या मोठ्या बाई, पण रक्ताच्या नळ्या स्वतः हाताळायच्या. दहा वर्षांत त्यांचा एकही नवा पेपर आला नव्हता. केंद्रात लोक म्हणत, विमलताई आता आटल्या.

"ज्योत्स्ना, बस. हे पाच नमुने झाले की बोलू."

मला बसवेना. मी फाईल छातीशी धरून येरझारा घालत राहिले.

"अगं, काय झालंय?"

"मॅडम, तुमचा पेपर. चौदा जण म्हणताहेत, तुम्ही सांगितलेल्या जागी काही नाही."

त्यांनी हातातली नळी स्टँडला लावली. उठल्या, दार लावून घेतलं.

"चौदा झाले का," त्या म्हणाल्या. "मला तिघांचं ठाऊक होतं. मग मी बघायचं सोडलं."

"म्हणजे ते खरं आहे?"

"खरं आहे. पंच्याण्णव साली नमुन्यांचे दोन ट्रे होते. एक आजारी घरांचा, एक निरोगी घरांचा. दोन्हींतल्या एकेका ओळीच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. माझ्याच हातून झाल्या असतील. निरोगी माणसांतही सर्रास सापडणारा एक साधा फरक होता, तो मला दोष वाटला. खरा दोष त्याच जनुकात आहे, पण बराच पुढे."

"कधी कळलं?"

"नव्व्याण्णव साली. एका घराचं रक्त पुन्हा तपासत होते. त्याच दिवशी मी चुकीची कबुली लिहिली आणि चांदूरकरांकडे नेली. पेपरवर दुसरं नाव त्यांचंच आहे. ते नुकतेच संचालक झाले होते. म्हणाले, मॅडम, नव्या इमारतीचा प्रस्ताव दिल्लीत याच पेपरवर उभा आहे. सहा महिने थांबा." त्या खिडकीशी गेल्या. "सहा महिन्यांची दहा वर्षं झाली."

बाहेर झाडाखाली पाच-सहा जोडपी बसलेली खिडकीतून दिसत होती. एक मुलगी हसत होती.

"आणि ही माणसं? त्यांना आपण काय सांगतो?"

"त्यांना मी कधी खोटं सांगितलेलं नाही," त्या एकदम म्हणाल्या. कपाटातून त्यांनी कापडी बांधणीच्या जाड वह्या काढल्या. "हे बघ. दहा वर्षांतला प्रत्येक मंगळवार. अहवालावर जुन्या चाचणीचं नाव असतं, पण रक्त मी स्वतः खऱ्या जागी तपासते. उत्तर लिहिते ते खरं. म्हणून मी हे काम दुसऱ्या कुणाला देत नाही. पेपर खोटा राहिला, पण माणूस फसला नाही. एवढं मी सांभाळलं."

"मे महिन्यानंतर?"

त्या वह्या पुन्हा कपाटात ठेवू लागल्या.

"निवृत्त झाले की दुसऱ्या दिवशी कबुली पाठवणार आहे. तोपर्यंत गप्प बस, ज्योत्स्ना. दोन महिने. एवढं माझं ऐक."

मी हो म्हटलं. फाईलमधला पंधरावा पेपर मी त्यांना दाखवला नाही.

बुधवारी दुपारी मी तक्ता घेऊन संचालकांकडे गेले. सहाशे अकरातून सदतीस आमचेच उल्लेख वजा जाऊन पाचशे चौऱ्याहत्तर उरले होते. डॉ. चांदूरकरांनी त्या आकड्याखाली बोटाने रेघ ओढल्यासारखं केलं.

"उत्तम. अजूनही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहोत. समिती खूश होईल."

"सर, यांतले काही तुम्ही वाचलेत का?"

"वाचायला वेळ कुणाला आहे?" ते हसले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "चेहरा का उतरलाय तुमचा? तुम्हाला कायम करण्याची फाईल मी सोमवारी वर पाठवतोय. सहा वर्षं झाली तुम्हाला. मला जाण आहे."

मी आभार मानले. बाहेर आले. व्हरांड्यातून ग्रंथालयाकडे गेले, अर्ध्यातून परत फिरले. पुन्हा ग्रंथालयाकडे गेले. तिथे खुर्चीवर बसून फाईल उघडली, मिटली. शिपाई पाण्याचा ग्लास ठेवून गेला, तो तसाच राहिला. घरी मुलगी दहावीला होती. कायम झाले असते तर तिचं पुढचं सगळं सोपं झालं असतं. हे सगळं मी मनात फिरवत होते आणि तरी मला ठाऊक होतं, की थोड्या वेळाने मी उठणार आहे.

चार वाजता मी मॅडमच्या प्रयोगशाळेत जाऊन ते पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"पंधरावा पेपर. काल दाखवायचं धाडस झालं नाही."

सातपुड्याच्या पलीकडे, शेजारच्या राज्यात एक धर्मादाय रुग्णालय होतं. आमच्या पाच गावांतली काही घरं दोन-तीन पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिली होती, आजारही सोबत गेला होता. त्या रुग्णालयाने मॅडमचा पेपर वाचून त्यातल्याच पद्धतीने चाचणी सुरू केली होती. एकशे चाळीस जोडपी तपासली होती. ज्यांना तुम्ही निर्दोष आहात म्हणून सांगितलं, त्यांतल्या दोघांच्या घरी आजारी मुलं जन्मली. शेवटच्या परिच्छेदात तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: गहुकर यांची पद्धत जगभर मान्य झालेली असल्याने नमुने हाताळताना आमच्याच हातून दोष राहिला असावा. चाचणी पुढे चालू ठेवत आहोत.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"चालू ठेवत आहोत," त्या म्हणाल्या. "कधीचा हा?"

"जुलै दोन हजार सात."

"म्हणजे पावणेदोन वर्षं आणखी." त्या पानावर हात ठेवून बसून राहिल्या. "मी इथल्या माणसांचं बघत बसले. पेपर कुठे कुठे गेला असेल, हे डोक्यातच आलं नाही. आलं असेल, मी येऊ दिलं नाही."

मग त्यांनी टेलिफोन पुढे ओढला आणि मला त्या रुग्णालयाचा नंबर शोधायला सांगितलं. अर्ध्या तासाने लाईन लागली. तिथल्या डॉक्टरांशी त्या हिंदीत बोलल्या, स्पष्ट, संथ. चाचणी आज बंद करा. चूक तुमच्या हातून झालेली नाही, माझ्याकडून झाली आहे. मग मॅडम दोनदा "हॅलो, आहात ना?" म्हणाल्या.

गुरुवारी समितीची बैठक वरच्या मजल्यावर झाली. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन तक्ते पडद्यावर दाखवायला बसले होते. समितीचे अध्यक्ष बंगळूरचे एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी तो आकडा पाहिला आणि मॅडमकडे वळून त्यांचं अभिनंदन केलं.

मॅडम उठल्या. "सर, हा पेपर चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "मला दहा वर्षांपासून माहीत आहे. या तो चुकल्याचं दाखवणाऱ्या पंधरा पेपरांच्या प्रती आणि ही माझी कबुली. ती आज सकाळी मी नियतकालिकाला पाठवली आहे."

"मॅडमची तब्येत जरा..." डॉ. चांदूरकर अर्धवट उठत म्हणाले.

"माझी तब्येत ठीक आहे."

खोलीत कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. अध्यक्षांनी पंधराव्या पेपरचं पान वाचलं, शेजारच्याकडे दिलं. मग विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"पहिलं नाव माझं आहे. जबाबदारी माझी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चांदूरकरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

चांदूरकर टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "मलाही माहीत होतं." आवाज इतका हलका होता, की अध्यक्षांनी त्यांना पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

तिसरं कुणी काही बोललं नाही. पडद्यावर माझा तक्ता तसाच होता.

पुढचं लवकर घडलं. पेपर मागे घेतला गेला. केंद्राच्या अनुदानाला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही निम्म्या मनुष्यबळावर. कंत्राटी जागा रद्द झाल्या, त्यांत माझीही गेली. चांदूरकर दुसरीकडे शिकवायला गेले. मॅडम एप्रिलमध्येच बाहेर पडल्या. त्यांना देऊ केलेला निरोप समारंभ त्यांनी नाकारला. मला एका तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथालयातच काम मिळालं. पगार कमी होता, पण मिळालं.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. "त्या रुग्णालयाने एकशे चाळीस जोडप्यांचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं होतं, शिवाय त्या पेपरनंतर तपासलेल्यांचंही. खऱ्या जागी तपासलं. आणखी एक मूल निघालं, तिसरं. पहिल्या दोन घरी मी जाऊन आले. या घरी एकटीने जाववत नाही. येशील?"

मी गेले. दोन एस.टी. बदलून, मग फाट्यापासून थोडं चालत. मॅडमच्या खांद्याला रक्ताच्या नळ्यांची पिशवी होती. घरातल्या बाकीच्यांचे नमुने घ्यायचे होते. वाटेत त्या एकदाच बोलल्या. पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं, दुसऱ्या घरी चहा दिला होता. "चहा जास्त जड गेला," त्या म्हणाल्या.

घरात दुर्गा नावाची बाई होती, वीस-बावीसची. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. सासू आणि दीर आत होते. घडी घातलेल्या गोधडीवर मुलगी निजली होती, चौदा महिन्यांची. डोळे टपोरे, पाहुण्यांकडे टक लावून बघणारी. हात उचलायला गेली की तो अर्ध्यावरून खाली पडे.

मॅडमनी कोण, कुठून, सगळं सांगितलं. चूक काय झाली तेही सांगितलं. दुर्गा ऐकत होती. मुलीच्या पायांवरून तिचा हात फिरत होता.

"आमी तं लग्नाआधीच रक्त तपासलं होतं बाई," ती म्हणाली. "माह्या बापानं मुद्दाम नेलं होतं दवाखान्यात. कागदई दिला होता त्यायनं."

तिने फळीवरच्या डब्यातून तो कागद काढून आणला. मॅडमनी वाचला आणि माझ्याकडे दिला. दोघंही निर्दोष, असं त्यावर छापलेलं होतं. खाली शिक्का आणि तारीख. अकरा जानेवारी २००८.

त्यानंतर त्या दोघी काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही. मॅडमनी सासूचं आणि दिराचं रक्त घेतलं. आम्ही निघालो. फाट्यावर एस.टी.ला अजून अवकाश होता. मॅडम दगडी कट्ट्यावर बसल्या. मी बसू शकले नाही.

"ज्योत्स्ना, येरझारा नको घालूस. मला गरगरतं."

"मॅडम, तो पंधरावा पेपर मी मार्चमध्ये पहिल्यांदा बघितला नव्हता."

त्यांनी मान वर केली.

"दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये बघितला होता. वार्षिक अहवाल करताना. रुग्णालयाचं नाव वेगळं वाटलं म्हणून उघडला होता. दोन मुलांचं वाचलं होतं मी. मग आकडा लिहिला आणि पुढे गेले. त्या दिवशी तुमच्या पेपरची चारशेपन्नास सायटेशन पूर्ण झाली होती. मीच तुम्हाला पेढा आणून दिला होता. तुम्ही विचारलं होतंत, कशाबद्दल, आणि मी म्हटलं होतं, आकडा गाठला म्हणून."

"आठवतं," मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा बोलले असते, तर त्या जानेवारीत ही चाचणी चालू नसती. या कागदावर दुसरंच काही असतं. समितीपुढे तुम्ही बोललात, चांदूरकर सर बोलले. मी लॅपटॉपमागे बसून राहिले. तुम्हाला ते पान दाखवलं म्हणून सगळे मला धीट समजतात. तुम्हीसुद्धा."

समोरून उसाची बैलगाडी गेली. मॅडमनी ती जाऊ दिली.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तुला माफ करणारी कोण? मला स्वतःलाच दहा वर्षं लागली. ते घर दिसतंय ना इथून?"

मी परत गेले. एकटीच. दुर्गा ओट्यावर मुलीला मांडीवर घेऊन भरवत होती. मला पाहून तिला वाटलं, काही राहिलं असेल. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी पुस्तकं सांभाळणारी बाई आहे, डॉक्टर नाही. तुमचं रक्त तपासण्याआधी पाच महिने ही गोष्ट माझ्या नजरेखालून गेली होती. मी वाचली आणि सोडून दिली.

तिने चमचा वाटीत ठेवला.

"तुमी सांगतलं असतं तं?"

"तर ती चाचणी बंद पडली असती. तुम्हाला तो कागद मिळाला नसता."

"मंग आमचं लग्न झालं नसतं." ती मुलीकडे बघत राहिली. "हे नसती झाली."

तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मुलीच्या ओठांवरून पेज गळत होती, ती पदराने टिपली. मग तिने विचारलं, "माह्या नणंदीचं जमून राह्यलं. पोरगा याच गोतातला हाय. तिचं रक्त कोठी द्याव? त्या दवाखान्यात नाही देत मी आता."

"कुठे आहे ती?"

"मांगं, वावरात."

मी फाट्यावर धावतच आले. एस.टी. समोरच्या वळणावर दिसत होती. मॅडम पिशवी घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"नणंदेचं लग्न ठरतंय. रक्त कुठे द्यायचं, विचारते."

मॅडमनी पिशवीत हात घालून रिकाम्या नळ्या चाचपल्या. दोन उरल्या होत्या. एस.टी. धुरळा उडवत येऊन थांबली, कंडक्टरने आमच्याकडे बघितलं. मॅडमनी त्याला हातानेच नको म्हणून सांगितलं आणि शेताच्या दिशेने चालू लागल्या.